खिळ्याला टांगलेला बॉस

गाडी दारात उभी होती, पण पोरानं आधी डिकीतून खोका काढला. खोक्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं स्टिअरिंग. साडेतीनशे मिलिमीटरचं, काळं, मऊ कातडी, लाल दोऱ्याची शिवण, वरच्या बाजूला पिवळी पट्टी. टेबलावर त्यानं ते इतकं हळू ठेवलं, जसं काही बाळंतिणीच्या खोलीतून लेकरू आणलंय.

"काका, आजच बसवून द्या. सोमवार धरूनच आलो."

सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. एरवी माझ्या गॅरेजचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे टी पॉईंटला गाडी लावून, पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जाऊन, लेणी बघून परत आलेलं आणि आता गाडी चालू होत नाही म्हणून वैतागलेलं. सोमवारी ते नसतं, म्हणून वेळखाऊ कामं मी सोमवारी घेतो. पोरगा सोयगाव तालुक्यातलाच, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला नोकरीला. त्याला हे ठाऊक होतं.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. स्कोडानं शेंद्र्यात कारखाना सुरू केला २००१ मध्ये, आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या रस्त्यावर पहिल्यांदा 'आपल्याकडं बनलेली' झेक गाडी दिसायला लागली. आरएस आली २००४ साली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. आज हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही, पण त्या काळी घाटात ही गाडी मागून आली की आपण डावीकडं सरकायचो. पोरानं ती तिसरा मालक म्हणून घेतलेली. इंजिन ठणठणीत, रंग बरा, आणि स्टिअरिंगचं कातडं वीस वर्षांच्या घामानं गुळगुळीत होऊन जागोजागी सोललेलं. दुखणं एवढंच.

माझा बाप एसटीत ड्रायव्हर होता. त्यांच्या बसचं स्टिअरिंग परातीएवढं. पॉवर स्टिअरिंग नावाची चीज त्या बसला नव्हती. अजिंठा घाटातल्या वळणावर ते दोन्ही हातांनी, छातीचा जोर लावून स्टिअरिंग फिरवायचे. एवढं मोठं का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "पान्याला पाईप लावतोस ना नट निघत नसला की? तेच." पुढं मिस्त्री झाल्यावर कळलं की बापानं एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं. स्टिअरिंग म्हणजे गोल केलेला लांब पाना. जेवढा व्यास मोठा, तेवढं हाताला हलकं. पण तेवढाच हात जास्त फिरवावा लागतो. ३८० मिलिमीटरचं काढून ३५० चं लावलं तर त्याच वळणाला साधारण आठ-नऊ टक्के जास्त जोर लागतो, आणि हात तेवढाच कमी फिरतो. शर्यतवाल्याला हेच हवं असतं. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत वाढलेला जोर जाणवतही नाही. जुन्या मारुतीत, गाडी लावताना, खांद्याला जाणवतो.

शर्यतवाल्यांचाच विषय निघाला तर इटलीची एक गोष्ट सांगतो. जानपिएरो मोरेत्ती नावाच्या हौशी रेसरला स्वतःच्या गाडीसाठी जरा जाड पकडीचं स्टिअरिंग हवं होतं. त्यानं ते बनवून घेतलं. ते जॉन सर्टीसच्या नजरेत भरलं. सर्टीसनं ते फेरारीत लावलं आणि १९६४ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मोरेत्तीनं मग धंदाच काढला. मोरेत्ती आणि मोंझा या दोन नावांतून बनलं 'मोमो'. आज आपल्याकडं ऑटो पार्ट्सच्या दुकानात दोन हजारांत जे 'मोमो' मिळतं, त्याचा या गोष्टीशी संबंध फक्त अक्षरांपुरता.

पोराच्या खोक्यातलं स्टिअरिंग अस्सल होतं, पण त्याच्या तळाशी दुसरी एक पुडी होती, तिच्यात बॉस किट. बॉस म्हणजे साहेब नव्हे. गाडीचा स्टिअरिंगचा दांडा ज्या टोकाला संपतो, त्या टोकावर बारीक उभे दाते असतात. बाहेरचं स्टिअरिंग त्या दात्यांवर थेट बसत नाही. मध्ये एक जोडणारा तुकडा लागतो. खालून तो दांड्याच्या दात्यांत घट्ट बसतो, वरून त्याच्यावर सहा बोल्टांनी स्टिअरिंग. त्याला बॉस म्हणतात. हे सहा बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यासही सगळ्यांचा सारखा नाही. मोमो, स्पार्को, ओएमपी यांचा ७० मिलिमीटर. नार्दी आणि पर्सनल यांचा ७४. चार मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक भोक कानसून मोठं करतात. असं कानसलेलं काम माझ्याकडं आलं तर मी हात लावत नाही.

माझ्या भिंतीवर, पंख्याच्या बटनाशेजारी, खिळ्याला असाच एक बॉस टांगलेला आहे. पोरानं तो बघितला आणि विचारलं. सांगावं लागलं.

१९९८ ची गोष्ट. जळगावचा एक हौशी माणूस मारुती एस्टीम घेऊन आला होता. त्याला छोटं स्टिअरिंग हवं होतं. तयार बॉस तेव्हा आमच्या भागात मिळत नव्हता. मी एका लेथवाल्याकडं गेलो, अॅल्युमिनियमच्या गोळ्यातून बॉस बनवून घेतला. आतले दाते नीट उतरले नव्हते. मी कानशीनं थोडं थोडं घासून बसवला. बसला, म्हणून मला वाटलं झालं. ट्रायल घ्यायला मीच घाट चढलो. चढताना काही नाही. उतरताना एका वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी अर्धीच फिरली. दांड्यावर बॉस एक दात सरकला होता. डावीकडं डोंगर होता, दरी नव्हती, एवढंच नशीब. मडगार्ड गेलं. ती चूक माझी होती, लेथवाल्याची नाही. पोलादी दांड्यावर घासलेलं अॅल्युमिनियम चढवणारा मी होतो. त्या दिवसापासून तो बॉस खिळ्याला आहे.

पोरगा थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "पण हा तर कंपनीचा आहे ना काका. दाते बघा की." बघितले. दाते उत्तम होते. काम दात्यांवर अडलं नव्हतं.

आरएसच्या स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग आहे. हौशी लोकांना हे माहीत असतं, तरी ते त्याला प्लास्टिकचं झाकण समजतात. त्या झाकणाखाली दुमडलेली पिशवी आणि स्फोटक भरलेली डबी असते. धडक बसली की साधारण तीस मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी मिटायच्या आत, पिशवी फुगते. तिच्याकडं वीज नेण्यासाठी स्टिअरिंगच्या मागं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तार असते. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडं कितीही फिरलं तरी ती गुंडाळते-उलगडते, तुटत नाही. नवं स्टिअरिंग बसवलं की पिशवी जाते, तार रिकामी राहते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो. मग लोक काय करतात? दोन-तीन ओहमचा रेझिस्टर त्या तारेला जोडतात. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं पिशवी जागेवर आहे. दिवा विझतो. गाडीला फसवलं, पण छातीला कोण फसवणार? पुढं जिथं पिशवी होती तिथं आता अॅल्युमिनियमचा बॉस, बोट रोखल्यासारखा. शिवाय तो बॉस स्टिअरिंगला मूळ जागेपासून काही सेंटिमीटर पुढं, छातीकडं आणतो. इंडिकेटरची दांडी मग बोटांना सापडत नाही, हे वेगळंच.

"रेसवाले लावतात की," पोरगा म्हणाला. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र बघून आल्यापासून त्याच्या डोक्यात हे होतं. रेसवाल्यांच्या गाडीत बाराला बारा गोष्टी वेगळ्या असतात. त्यांना चार-पाच ठिकाणी बांधणारा पट्टा असतो, तो माणसाला सीटला असा आवळतो की छाती पुढं जातच नाही. डोक्यावर हेल्मेट, भोवती लोखंडी पिंजरा. त्यांना एअरबॅगची गरजच नसते. आपण खांद्यावरून एक पट्टा घेतो, आणि तोही पोलीस दिसला की.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ बांधणीत आपल्या मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठेवलं. १ जुलै २०१९ पासून तर प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीचीच झाली. पण खरं सांगू? पाच हजारांना कुणी घाबरत नाही. पोरगाही घाबरला नाही.

त्याचं मन वळलं ते मी जुनं स्टिअरिंग काढून दाखवल्यावर. काढावं लागणारच होतं, कारण मी त्याला म्हटलं होतं, याच्यावर नवं कातडं शिवून घेऊ.

आधी पुढची चाकं सरळ केली. बॅटरीची तार काढली आणि चहा मागवला. चहा उगाच नाही. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही मिनिटं वीज शिल्लक राहते. मग स्टिअरिंग पाव फेरा फिरवून मागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घातला, आतली पकड दाबली. उलट बाजूला फिरवून दुसरी. पिशवी हातात आली. ती टेबलावर ठेवताना तोंड नेहमी वर. चुकून फुटली तर हवेत जाईल, टेबलावर आपटून डबी तोफेसारखी उडणार नाही. मग स्टिअरिंग परत सरळ करून मधला दातेरी बोल्ट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. तीन-चार आटे ठेवले. अडकलेलं स्टिअरिंग ओढताना एकदम सुटलं तर थेट नाकावर बसतं. हे मी पुस्तकात नाही, आरशात शिकलो. दांडा आणि स्टिअरिंगवर खूण मारली, चपटी तार फिरू नये म्हणून चिकटपट्टी लावली. दांड्यावर हातोडा मात्र कधीच मारायचा नाही. धडकेत दुमडावा म्हणून तो दांडा मुद्दाम तसा बनवलेला असतो, हातोड्यानं तो गॅरेजमध्येच दुमडतो.

पिशवी हातात घेऊन पोरगा बराच वेळ बसला. वजन बघत होता बहुतेक.

कातडं संभाजीनगरात एका सीट शिवणाऱ्याकडून शिवून आणलं. लाल दोरा पोरानंच सांगितला. परत बसवताना बोल्ट ५० न्यूटन मीटरला आवळला. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला पाच किलो वजन टांगलं तर जेवढा जोर पडेल, तेवढा. टॉर्क पाना नसेल तर हे काम करू नये. 'हाताच्या अंदाजानं' म्हणणारा मिस्त्री मी १९९८ पर्यंत होतो.

आणि ते नवं स्टिअरिंग? ते पोराच्या मित्राच्या जुन्या जिप्सीवर बसलं. ती जिप्सी फक्त रॅलीसाठी ठेवलेली, पिंजरा-पट्टा सगळं असलेली. ट्रेलरवर येते, ट्रेलरवर जाते. तिच्या दांड्याचा बॉस वेगळा मागवला. त्याच्यात इंडिकेटर आपोआप परत आणणारी खाच आहे का, ते आधी बघितलं. स्वस्त बॉसमध्ये ती नसते. बॉस हातानं दात्यांवर चढला, ठोकावा लागला नाही. हॉर्नची तार जोडली. नव्या बटणाला अर्थिंग नीट मिळालं नाही तर हॉर्न वाजतच नाही, नाही तर वळताना आपसूक वाजत राहतो. सहा बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळले. मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं, वर-खाली ओढून बघितलं. ढिलाई शून्य. स्टिअरिंग किंचित तिरकं दिसत होतं. दांड्यावर ३६ दाते असतील तर एक दात म्हणजे दहा अंश. त्याहून कमी तिरकेपणा दात बदलून जात नाही. तो ड्रॅग लिंकची लांबी किंचित बदलून काढला.

सीटवर बसवून मित्राला सांगितलं, पाठ टेकून हात पुढं कर, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. नाही आलं. सीट दोन खाचा पुढं घेतली. रस्त्यावरच्या गाडीत मात्र छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅगला फुगायला जागा लागते.

आता तुम्हाला एक सांगणं. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा टायर, रंग, किलोमीटर बघालच. त्याआधी चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि एअरबॅगच्या दिव्याकडं बघा. तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी तो काढलाय किंवा झाकलाय. पेटून विझला तरी रेझिस्टरची शंका उरतेच, म्हणून स्टिअरिंग मूळ कंपनीचं आहे का, मधलं झाकण उचकटल्याच्या खुणा आहेत का, तेही बघा. शंका आली तर भाव करत बसू नका, दुसरी गाडी बघा.