ओटीचा हिशोब

भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. त्यामुळे आमच्या युनियनच्या खोलीत गर्दी होते तीही गुरुवारीच. येणारा नीट बसायच्या आधीच सांगतो, "पगार बुडवला, साहेब." मी साहेब नाही, अर्ज लिहून देणारा माणूस आहे, पण ते समजावत बसायला वेळ नसतो. किती बुडवला ते नंतर. आधी विचारायचं, कोणी बुडवला? आणि इथेच घोडं अडतं.

पोरगा कंपनीचं नाव सांगतो, ते गेटवरच्या पाटीवरचं असतं. गळ्यातला गेटपास बघितला की त्यावर बारीक अक्षरात कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव निघतं. बँकेचा मेसेज उघडावा, तर पगार तिसऱ्याच नावाने जमा झालेला. पीएफचं पासबुक काढावं, तर आस्थापना म्हणून चौथं नाव, आणि मधले काही महिने एक दमडी भरलेली नाही. ज्या सुपरवायझरने नाक्यावरून कामाला नेलं, तो कधीच काम सोडून गेलेला. "मग मी कुणाचा कामगार?" असं पोरगा आम्हालाच विचारतो.

म्हणून पहिला तास या चार नावांची सांगड घालण्यात जातो. गेटपासचा फोटो, बँकेच्या उताऱ्यातल्या पगाराच्या नोंदी, पीएफ पासबुकातलं आस्थापनेचं नाव, ईएसआयचं कार्ड असेल तर त्यावरचा कोड. हे सगळं एका कागदावर तारीखवार मांडलं की ठेकेदार कोण आणि मूळ कंपनी कोण हे उलगडायला लागतं. मूळ कंपनीचं नाव अर्जात घालणं महत्त्वाचं, कारण १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात साफ लिहिलं होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. नव्या कामगार संहितांमध्येही ती जबाबदारी कायम आहे. नुसत्या ठेकेदाराला नोटीस गेली की ती 'पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत येते. तीच नोटीस कंपनीच्या एचआरला गेली की हरवलेल्या ठेकेदाराचा दोन दिवसांत फोन येतो. एचआरने त्याचं बिल अडवलेलं असतं. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी युक्ती एवढीच आहे, आणि ती कोर्टाची पायरी न चढता चालते.

थकलेल्या पगाराचा हिशोब त्या मानाने सोपा. दोन महिने दिला नाही, म्हणजे दोन महिन्यांचा पगार. खरी डोकेफोड ओटीची. ओव्हरटाइमला इकडे कुणी ओव्हरटाइम म्हणत नाही. आणि ओटी 'सिंगल' मिळते की 'डबल', यावर कारखान्याची इज्जत ठरते. कायद्यात सिंगल ओटी नावाचा प्रकारच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की त्या तासांचा दर दुप्पट होता. पण छोट्या शॉपांमधून सिंगल ओटी इतकी अंगवळणी पडली आहे की कामगारालाही आपलं काही राहिलंय असं वाटत नाही. तो पगार थकला म्हणून येतो, आणि ओटीचे पैसे आम्हीच त्याला शोधून देतो.

एक हिशोब दाखवतो. संहिता लागू होण्याआधीचा आहे, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे सोपे केले आहेत. लातूरकडचा मुलगा, प्रेस शॉपमध्ये हेल्पर. महिना १५,६०० रुपये, २६ दिवसांवर. म्हणजे दिवसाला ६०० आणि तासाला ७५. ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८. त्याने घरून लिहून आणलं होतं: रोज ४ तास ओटी, आठवड्याला २४. ते तसंच अर्जात घातलं असतं तर पहिल्याच तारखेला फाटलं असतं. कारण समोरचा वकील उठून पहिलं वाक्य बोलतो ते जेवणाच्या सुट्टीचं. अर्धा तास डबा खाण्यात गेला, तो कामात धरत नाहीत. म्हणजे दिवसाचे साडेअकरा तास, सहा दिवसांचे ६९. त्यातून ४८ गेले, उरले २१.

पण ज्या आठवड्यात एक खाडा पडला, त्या आठवड्यात भरतात साडेसत्तावन्न तास. ४८ वजा केले तर हाती साडेनऊ. त्यापेक्षा रोजच्या ९ तासांवरचे अडीच तास पाच दिवस धरले तर साडेबारा होतात. रोजचा हिशोब की आठवड्याचा, यात कामगाराच्या फायद्याचा असेल तो धरायचा, हे नव्या संहितांमध्ये स्पष्ट शब्दांत आलं आहे. आम्ही आधीपासून तसाच मांडत होतो. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांपैकी २० पूर्ण भरलेले, त्यांचे ४२० तास. ६ खाड्याचे, त्यांचे ७५. एकूण ४९५. सिंगल दराने पैसे मिळालेच होते, राहिला तो तासामागे ७५ रुपयांचा फरक. ३७,१२५ रुपये. आकडा ऐकून तो म्हणाला, "एवढे नसतील हो." मग त्यानेच फोनच्या कॅलक्युलेटरवर पुन्हा गुणाकार केला.

आता हे तास खरे कशावरून? मस्टर मालकाकडे. पंचिंगचं मशीन मालकाचं. पगाराची पावती दिलेलीच नसते, आणि दिलीच तर तीवर ओटी 'इन्सेंटिव्ह' किंवा 'इतर भत्ता' या नावाखाली दडवलेली. म्हणून आम्ही पुरावा भलत्याच ठिकाणी शोधतो. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरने टाकलेलं 'आज सगळ्यांनी थांबायचं' हे फर्मान. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला केलेले फोन. कँटीनची कुपनं. या लातूरच्या मुलाच्या बाबतीत कामाला आलं ते बायकोचं कालनिर्णय. दूध आणि गॅस सिलेंडरच्या नोंदी करतात त्याच चौकोनात तिने रोज एक किंवा दोन अशी खूण केली होती. दोन म्हणजे दोन डबे, नवरा रात्री उशिरा येणार. ज्या दिवशी खूण नाही, त्या दिवशी खाडा. तिने ते कोर्टासाठी लिहिलं नव्हतं, किती पोळ्या लाटायच्या ते कळावं म्हणून लिहिलं होतं. म्हणूनच ते खोटं ठरवणं अवघड गेलं. आम्ही सहा पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि मालकाचं मस्टर हजर करावं असा अर्ज सोबत दिला. मस्टर आलं नाही, तडजोडीचा निरोप आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि या बाबतीत दोन गोष्टी कामगाराच्या बाजूने बदलल्या. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला ६ महिन्यांची आणि वेतन प्रदान कायद्याखालच्या दाव्याला १२ महिन्यांची मुदत होती. आता ३ वर्षं आहेत. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. दावा कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत युनियन करू शकते, आणि एका आस्थापनेतल्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. बुडवलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. मी तरी दहापट मिळाल्याचं अजून पाहिलेलं नाही. आणि त्याच संहितेने इन्स्पेक्टरचा 'निरीक्षक-नि-सुविधाकार' केला आहे. खटला भरण्याआधी त्याने मालकाला चूक सुधारायची संधी द्यायची. पगार देणं ही सुधारण्याची बाब कधीपासून झाली, हे मला कळलेलं नाही.

वेळेवर पगाराची मागणी काही नवी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून पाच हजारांवर सह्यांचं निवेदन तयार केलं, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी होती की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराची तारीख कायद्यात यायला १९३६ उजाडलं. आज कायदा ७ तारीख सांगतो, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता करायला सांगतो. आमच्याकडे येणाऱ्यांना ही दोन दिवसांची गोष्ट सांगितली की ते हसतात.

दुप्पट दरावर तर अलीकडेच घाला घातला गेला होता. करोनाच्या काळात गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना १२ तास काम घ्यायला आणि जादा तासांचे पैसे साध्या दराने द्यायला मुभा दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गुजरात मजदूर सभा' खटल्यात ती रद्द केली आणि त्या काळातली ओटी नियमाप्रमाणे द्यायला लावली. ओटी मागणं म्हणजे हावरटपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

लेबर ऑफिसातल्या तारखांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मालकाचा माणूस येतो, अधिकारपत्र आणलेलं नसतं, पुढची तारीख पडते. कामगाराचा मात्र प्रत्येक तारखेला एक खाडा. तीन तारखांनंतर तो पेरणीला गावी जातो किंवा रांजणगावला दुसरं काम धरतो, आणि अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो. ठेकेदार याच्यावरच टपलेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही युनियनच्या नावाचं अधिकारपत्र करून घेतो, म्हणजे कामगार नसला तरी तारीख चालते. वकील लागलाच तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय असतं आणि १५१०० या क्रमांकावर फोन लागतो. पॅनलवरचे सगळेच वकील कामगार कायद्यात मुरलेले नसतात, हेही खरं. हिशोबाचा तक्ता आपण तयार करून नेला तर काम पुढे सरकतं.

निकाल हातात पडला म्हणजे पैसे आले असं नव्हे. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची म्हणून. तिथून तहसीलदार, तिथून तलाठी, आणि तोवर ठेकेदाराने दुसऱ्या नावाने फर्म काढलेली असते. त्यामुळे तडजोडीत ८० टक्के रोख मिळत असतील तर घे, असं सांगायला मी कचरत नाही. तत्त्वाने लढायला सांगणारे बरेच असतात. त्यांच्या घरचं भाडं थकलेलं नसतं. सांगायचं ते एवढंच, की पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय 'माझं काही येणं बाकी नाही' या कागदावर सही करायची नाही. कोऱ्या व्हाउचरवर तर कधीच नाही.

लातूरच्या मुलाला ३०,००० मिळाले, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता बुडेल असं वाटत होतं, तो एक महिना उशिरा आला.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी प्रेस शॉपमध्ये ओटी करणारे थोडे असतील. पण सोसायटीच्या कमिटीवर असणारे पुष्कळ असतील. तुमच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला एजन्सीचा आहे आणि तो १२ तास उभा असतो. सोसायटी कायद्याने त्याची मूळ मालक ठरते की नाही यावर वकील वाद घालतील, तो घालू द्या. पुढच्या महिन्यात एजन्सीच्या बिलावर सही करण्याआधी त्याचं मस्टर आणि त्याच्या खात्यात पगार गेल्याची बँकेची नोंद मागा. आठ तासांच्या वरच्या चार तासांना काय दर लावलाय, तेही एकदा विचारा.