अँटोनियस विरुद्ध इसिल्डर१ डाव (२००९)

अँटोनियस विरुद्ध इसिल्डर१ डाव हा २१ नोव्हेंबर २००९ रोजी फुल टिल्ट पोकर या संकेतस्थळावर खेळला गेलेला, पॉट-लिमिट ओमाहा प्रकारातील पोकरचा एक डाव आहे. फिनलंडचा पॅट्रिक अँटोनियस आणि त्या वेळी केवळ ‘इसिल्डर१’ या टोपणनावाने ओळखला जाणारा स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम यांच्यात झालेल्या या डावात १३,५६,९४६ डॉलर पणाला लागले. ही संपूर्ण रक्कम अँटोनियसने जिंकली. ऑनलाइन पोकरमधील तोवरचा हा सर्वांत मोठा पॉट होता.

विक्रमी रकमेमुळे हा डाव प्रसिद्ध झाला असला, तरी संभाव्यतेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. पाच सामाईक पानांपैकी तीनच उघडी असताना दोघांचा सर्व पैसा पॉटमध्ये गेला होता आणि दोघांची सर्व पाने आज ज्ञात आहेत. त्यामुळे त्या क्षणी कोणाची बाजू किती वरचढ होती, हे कागद-पेन्सिलीने नेमके काढता येते. या गणिताचे उत्तर डावाच्या निकालाशी पूर्णपणे जुळत नाही.

पार्श्वभूमी

इसिल्डर१ हे नाव २००९ च्या शरद ऋतूत फुल टिल्टच्या सर्वांत मोठ्या पैजांच्या टेबलांवर दिसू लागले. टॉम ड्वान, फिल आयव्ही आणि अँटोनियस अशा नामवंत खेळाडूंशी तो खेळत असे, अनेकदा एकाच वेळी अनेक टेबलांवर. त्याची ओळख गुप्त असल्याने कुतूहल वाढत गेले. तो व्हिक्टर ब्लोम आहे, हे जानेवारी २०११ मध्ये बहामास येथील स्पर्धेच्या वेळी जाहीर करण्यात आले. प्रस्तुत डावाच्या वेळी त्याचे वय १९ वर्षे होते.

खेळाचे नियम

ओमाहामध्ये प्रत्येक खेळाडूला चार पाने मिळतात आणि टेबलावर पाच सामाईक पाने क्रमाक्रमाने उघडली जातात. पहिली तीन एकदम उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. चौथे पान म्हणजे टर्न व पाचवे रिव्हर. अंतिम पाच पानांचा संच करताना हातातील नेमकी दोन आणि टेबलावरील नेमकी तीन पाने वापरावी लागतात. नवख्या खेळाडूंच्या बहुतेक चुका या अटीपाशी होतात. पॉट-लिमिट म्हणजे एका वेळी वाढवता येणारी पैज त्या क्षणीच्या पॉटच्या रकमेपुरती मर्यादित असणे.

पाच पाने ओळीने आली की स्ट्रेट आणि पाचही एकाच रंगाची आली की फ्लश होतो. पोकरमध्ये फ्लश हा स्ट्रेटपेक्षा वरचा मानला जातो. तीन पत्ती खेळणाऱ्या मराठी वाचकाला हे उलटे वाटण्याचा संभव आहे, कारण तेथे सिक्वेन्स हा कलरला हरवतो. दोन्ही नियमांमागील तत्त्व मात्र एकच आहे: जे दुर्मीळ, ते वरचे. ५२ पानांतून तीन पाने घेतल्यास साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ प्रकारे बनतात. पाच पाने घेतल्यास साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८ प्रकारे बनतात. पानांची संख्या तीनवरून पाचवर गेली की दुर्मिळतेचा क्रमच उलटतो.

डावाचा क्रम

अँटोनियसकडे बदामचा एक्का, बदामचा राजा, इस्पिकचा राजा आणि इस्पिकची तिर्री ही पाने होती. इसिल्डर१ कडे इस्पिकची नव्वी, बदामची अठ्ठी, चौकटची सत्ती आणि चौकटची छक्की होती. फ्लॉप उघडण्यापूर्वीच एकमेकांच्या पैजा वाढवत दोघांनी प्रत्येकी ८१,००० डॉलर टाकले होते. म्हणजे पॉट १,६२,००० डॉलरचा झाला होता.

फ्लॉपवर इस्पिकची चव्वी, किलवरची पंजी आणि बदामची दुर्री आली. एक्का व तिर्री हातात असल्याने अँटोनियसचा एक्का ते पंजी हा स्ट्रेट तयार झाला. इसिल्डर१ कडे तयार असे काहीच नव्हते; मात्र सहा, सात, आठ, नऊ अशी सलग पाने असल्याने त्याहून मोठा स्ट्रेट होण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. त्याने प्रथम पैज न लावता वाट पाहिली. अँटोनियसने ९१,२०० डॉलरची पैज लावली, इसिल्डर१ ने ती सुमारे ४ लाख ३५ हजारांपर्यंत वाढवली, अँटोनियसने पुन्हा वाढवली आणि इसिल्डर१ चे उरलेले सर्व पैसे पॉटमध्ये गेले. प्रत्येकाचे एकूण ६,७८,४७३ डॉलर लागले. त्यानंतर टर्नवर बदामची पंजी आणि रिव्हरवर बदामची नव्वी आली. टेबलावर बदामची तीन पाने झाल्याने अँटोनियसचा एक्का-राजासह फ्लश झाला.

फ्लॉपवरील संभाव्यता

दोघांची आठ आणि फ्लॉपची तीन अशी ११ पाने वगळता ४१ पाने उरतात. त्यांतून टर्न व रिव्हरच्या ८२० वेगवेगळ्या जोड्या संभवतात.

एखाद्या खेळाडूचा हात सुधारून त्याला पुढे नेणाऱ्या पानांना पोकरच्या भाषेत ‘आउट’ म्हणतात. इसिल्डर१ ला तिर्री, छक्की, सत्ती किंवा अठ्ठी यांपैकी कोणतेही पान आले, तर अँटोनियसपेक्षा मोठा स्ट्रेट मिळत होता. उदाहरणार्थ, सत्ती आल्यास हातातील छक्की व अठ्ठी आणि टेबलावरील चव्वी, पंजी व सत्ती मिळून चार ते आठ हा क्रम पूर्ण होतो. या चार प्रकारांतील प्रत्येकी एक पान खेळाडूंच्या हातात आधीच असल्याने प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १२ आउट शिल्लक होते. उरलेल्या २९ पानांतून दोन्ही पाने येण्याचे ४०६ प्रकार आहेत. म्हणजे ८२० पैकी ४१४ जोड्यांत किमान एक आउट येतो. आउटच्या संख्येला चाराने गुणून टक्केवारीचा अंदाज बांधण्याची खेळाडूंची प्रचलित रीत येथे ४८ टक्के दाखवते. नेमका आकडा ५०.५ टक्के आहे.

एवढ्यावर थांबल्यास तयार स्ट्रेट हातात असलेला अँटोनियस किंचित मागे होता, असे म्हणावे लागेल. परंतु त्याच्या पानांत सहज न दिसणारे दोन धागे होते. बदामचा एक्का-राजा आणि टेबलावरील बदामची दुर्री यांमुळे पुढची दोन्ही पाने बदामची आल्यास त्याचा फ्लश होत होता. इस्पिकचा राजा, इस्पिकची तिर्री व टेबलावरील इस्पिकची चव्वी यांमुळे इस्पिकच्या बाबतीतही तसेच होते. दोन्ही रंगांची प्रत्येकी नऊ पाने शिल्लक होती. प्रत्येक रंगात अशा ३६ जोड्या, आणि त्यांपैकी २१ जोड्या इसिल्डर१ चा स्ट्रेटही पूर्ण करणाऱ्या. म्हणजे त्याच्या ४१४ अनुकूल जोड्यांपैकी ४२ जोड्या फ्लशमुळे अँटोनियसकडे जातात. उरतात ३७२.

म्हणून फ्लॉपवर इसिल्डर१ च्या जिंकण्याची संभाव्यता ८२० पैकी ३७२, म्हणजे ४५.४ टक्के, आणि अँटोनियसची ५४.६ टक्के होती. तेवढ्या मोठ्या रकमेचे पारडे दोन अर्धवट रंगांनी अँटोनियसकडे झुकवले होते. राजांच्या जोडीचा उपयोग जवळजवळ काहीच नव्हता. बघणाऱ्याचे लक्ष मात्र बहुधा तिच्याकडेच जाते.

टर्नवर बदामची पंजी आल्यावर चित्र पालटले. उरलेल्या ४० पानांत इसिल्डर१ चे १२ आउट कायम होते, पण त्यांतील बदामची तीन पाने आता अँटोनियसचा फ्लश पूर्ण करत असल्याने उपयोगाची राहिली नाहीत. नऊ पाने उरली. संभाव्यता २२.५ टक्क्यांवर घसरली.

निर्णय व निकाल

४५.४ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून इसिल्डर१ ने पैसे टाकायला नको होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. फ्लॉप उघडला तेव्हा १,६२,००० डॉलर आधीच पॉटमध्ये होते आणि ते आता कोणाचेच नव्हते. फ्लॉपनंतर इसिल्डर१ ने टाकलेली रक्कम ५,९७,४७३ डॉलर होती. १३,५६,९४६ डॉलरच्या पॉटमध्ये एवढी रक्कम टाकणे तोट्याचे न ठरण्यासाठी ४४.०३ टक्के संभाव्यता पुरेशी होती, आणि त्याच्याकडे तिच्याहून थोडी अधिकच होती. पॉटमधील त्याचा अपेक्षित वाटा सुमारे ६,१५,५९० डॉलर येतो, म्हणजे टाकलेल्या रकमेपेक्षा सुमारे १८,००० डॉलरने जास्त. यात अँटोनियसने घाबरून पाने टाकून देण्याची शक्यता मोजलेलीच नाही. ती मोजल्यास वाढवलेली पैज आणखी समर्थनीय ठरते. शेवटच्या टप्प्यावर तर उरलेले १,६२,४७३ डॉलर टाकण्यासाठी अवघी १२ टक्के संभाव्यता पुरेशी होती.

अर्थात हे गणित अँटोनियसची पाने माहीत धरून केलेले आहे. खेळताना इसिल्डर१ ला ती दिसत नव्हती. प्रत्यक्ष खेळाडूला प्रतिस्पर्ध्याकडे असू शकणाऱ्या सर्व हातांचा विचार करून सरासरी काढावी लागते. काही हातांविरुद्ध त्याची स्थिती याहून बरी असती, काहींविरुद्ध वाईट.

निर्णयाची गुणवत्ता त्याच्या निकालावरून ठरवण्याच्या प्रवृत्तीला मानसशास्त्रात निकाल-पूर्वग्रह म्हणतात. जोनाथन बॅरन व जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्याआधी १९७३ मध्ये एमॉस ट्वेर्स्की व डॅनियल कानेमन यांनी, जी उदाहरणे चटकन आठवतात तशाच घटना वारंवार घडतात असे माणसाला वाटते, हे दाखवून दिले होते. गाजलेले डाव या दोन्ही दोषांना खतपाणी घालतात. ते गाजतात रकमेमुळे किंवा शेवटच्या पानामुळे. त्यांतील निर्णय चांगला होता की वाईट, याच्याशी गाजण्याचा संबंध नसतो.

एका डावावरून किती कमी कळते, याचाही हिशेब मांडता येतो. हाच फ्लॉप, हीच पाने आणि हाच पैसा घेऊन डाव १०० वेळा खेळला, तर अँटोनियस सरासरी सुमारे ५५ वेळा जिंकेल. पण प्रमाण विचलन पाच डावांचे असल्याने ५० किंवा त्याहून कमी वेळा जिंकण्याची शक्यताही सुमारे पाचात एक एवढी राहते. त्याची वरचढ बाजू केवळ निकालांवरून विश्वासाने ओळखायची, तर साडेचारशेहून अधिक पुनरावृत्ती लागतील.

नोंदींचा अभ्यास

एकेका डावाऐवजी हजारो डावांवरून शिकणे ऑनलाइन पोकरमुळे शक्य झाले. प्रत्येक डावाची पाने, पैजा व क्रम मजकुराच्या रूपात साठवले जातात आणि संगणक-प्रणालीद्वारे त्यांचे विश्लेषण करता येते. या पद्धतीची ताकद आणि तिच्यातील वादाचा मुद्दा, दोन्ही इसिल्डर१ च्याच बाबतीत लवकर समोर आले. वर वर्णिलेल्या डावानंतर तीन आठवड्यांच्या आत, ८ डिसेंबर २००९ रोजी, अमेरिकेच्या ब्रायन हेस्टिंग्जने काही तासांत त्याच्याकडून सुमारे ४२ लाख डॉलर जिंकले. आपला सहकारी ब्रायन टाउनसेंड याने इसिल्डर१ च्या खेळाचे सखोल विश्लेषण केले होते, असे हेस्टिंग्जने नंतर मुलाखतीत सांगितले. टाउनसेंडने स्वतः न खेळलेल्या डावांच्या नोंदीही मिळवल्या होत्या आणि ते फुल टिल्टच्या नियमांविरुद्ध होते. त्याचा व्यावसायिक प्रतिनिधीचा दर्जा एका महिन्यासाठी काढून घेण्यात आला.

इसिल्डर१ च्या बाजूने पाहता ही स्पर्धा विषम होती. तो एकट्याने, आठवणीच्या व अंदाजाच्या बळावर खेळत होता. समोर मात्र त्याच्या हजारो डावांचा अभ्यास होता. नोंदींच्या वापराचे नियम कोणते असावेत, यावर या प्रकरणानंतर खेळाडूंमध्ये बरीच चर्चा झाली.

नंतरच्या घडामोडी

१५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने फुल टिल्टसह तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांविरुद्ध कारवाई केली. खेळाडूंच्या ठेवी परत करण्याइतका पैसा फुल टिल्टकडे नसल्याचे पुढे उघड झाले. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ही कंपनी विकत घेतली आणि २०२१ मध्ये फुल टिल्ट हे नाव बंद करण्यात आले. भारतात ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व विनियमन अधिनियम, २०२५ नुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ उपलब्ध करून देण्यास मनाई आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्यात ग्राह्य धरलेला नाही.