विडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात कुणी सिगारेट ओढू लागलं की चार जण बोलतात. विडी ओढणाऱ्याला मात्र ‘जाऊ दे, दिवसभर राबतो बिचारा’ म्हणून सोडून दिलं जातं. ही सवलत नुसती घरातलीच नाही. कर आकारणारं सरकार, पाकीट विकणारा टपरीवाला आणि ‘सिगारेट वाईट, विडी चालते’ म्हणणारा शेजारी, सगळ्यांच्या लेखी विडी म्हणजे किरकोळ बाब. प्रत्यक्षात भारतात धूर घेणाऱ्यांत सर्वांत मोठा गट तिचाच. २०१६-१७च्या ‘गॅट्स’ या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशात सुमारे ७.२ कोटी प्रौढ विडी ओढत होते आणि ३.७ कोटी सिगारेट. एवढ्या लोकांच्या सवयीबद्दल आपण जे गृहीत धरून चालतो, ते एकदा तपासून पाहायला हवं.

गैरसमज १ : महाराष्ट्राच्या खेड्यात घरोघरी विडी पेटते.

पारावर विडी फुंकत बसलेले म्हातारबाबा आपल्या चित्रपटांनी इतके दाखवले की तेच खरं वाटतं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले खरे, पण धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. बाकीच्यांची तंबाखू तोंडातच राहते: तळहातावर चुना लावून मळलेली, किंवा मशेरी करून दातांना घासलेली. बाया मशेरी लावतात ती ‘दात घासायला’, त्यामुळे ती व्यसनात धरलीच जात नाही.

देशपातळीवर पाहिलं तर विडी हा मुख्यतः पुरुषांचा आणि खेड्यांचा मामला आहे. दर शंभर प्रौढ पुरुषांमागे चौदा जण ती ओढतात, बायकांत हे प्रमाण जेमतेम सव्वा टक्का. कारणं साधी आहेत. बंडल स्वस्त पडतं. हमाली, बांधकाम किंवा शेतातल्या कामात ‘विडी ओढून येतो’ म्हटलं की दोन मिनिटं बसायची मुभा मिळते. नुसतं ‘दमलो’ म्हणून ती मिळत नाही. निकोटिनमुळे भूक मरते, म्हणजे जेवणाची वेळ पुढे ढकलता येते. विडी ओढणारा अडाणी असतो म्हणून ओढतो, असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या कामाचे तास मोजावेत.

गैरसमज २ : विडीत तंबाखू चिमूटभर, म्हणून अपायही कमी.

पहिला भाग बरोबर आहे. सिगारेटमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते, विडीत साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहून कमी. चूक होते ती पुढच्या हिशेबात. शरीरात जातो तो धूर, आणि धूर किती जाईल हे तंबाखूच्या वजनावर नव्हे, ती जळते कशी आणि ओढली जाते कशी यावर ठरतं.

सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो. त्यातून हवा आत येते, धूर थोडा पातळ होतो आणि सिगारेट बाजूला ठेवली तरी धुमसत राहते. तेंदूचं पान तसं नाही. ते दाट असतं, सहज पेट घेत नाही. विडी हातात धरून दोन वाक्यं बोलावीत तर ती विझते. म्हणूनच विडी ओढणाऱ्याच्या खिशात काडेपेटी लागतेच, आणि विडी विझू नये म्हणून तो लागोपाठ, खोल झुरके घेतो. सच्छिद्रपणा नसल्यामुळे त्या झुरक्यात बाहेरची हवा कमी आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड जास्त. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत विडीच्या धुरातलं निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीचं किंवा त्याहून जास्त आढळलं आहे.

माणसांवरचे आकडे मुंबईतलेच आहेत. १९९०च्या दशकात पस्तिशीच्या पुढच्या सुमारे एक लाख मुंबईकरांची घरोघर जाऊन नोंद केली गेली आणि नंतरच्या वर्षांत त्यांच्यातलं कोण दगावलं याचा माग ठेवला गेला. २००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त होता, विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी.

२००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात क्रम उलटा लागला. त्यात सिगारेटमुळे पुरुषांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी आणि विडीमुळे सहा वर्षांनी घटलेलं दिसलं. विडी ओढणाऱ्या बायकांचं मात्र आठ वर्षांनी. जास्त वाईट कोण हा वाद यापुढेही चालू राहील. पण ज्या अभ्यासात विडी ‘सौम्य’ ठरली, त्यातही तिने सहा वर्षं खाल्लीच आहेत.

गैरसमज ३ : पान आणि तंबाखू, दोन्ही झाडाचेच, रसायन कुठे आहे?

हा गैरसमज आपल्यापुरता नाही. १९९०च्या दशकात भारतीय विड्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या शाळकरी मुलांत लोकप्रिय झाल्या. चॉकलेट, चेरी असे स्वादही त्यांत होते. १९९९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शहरी मुलांच्या पाहणीत ४० टक्के मुलांनी निदान एकदा तरी विडी ओढलेली होती. कारणं विचारली तेव्हा चव आणि कमी किंमत यांच्या जोडीला ‘सिगारेटपेक्षा सुरक्षित’ हेही उत्तर आलं. गडचिरोलीच्या जंगलातलं पान सातासमुद्रापार जाईतो ‘नैसर्गिक’ झालं होतं.

आता शहरांतल्या तरुण मुलांत उलट प्रवास दिसतो. कागदाची चळत आणि पाकिटातली ओलसर तंबाखू घेऊन ते स्वतःच सिगारेट वळतात, आणि ती ‘शुद्ध’ असते असं सांगतात. त्या तंबाखूचा ओलावा टिकावा म्हणून ग्लिसरॉलसारखे पदार्थ घालण्याची पद्धत आहे. आणि समजा काहीच घातलं नाही, तरी फरक पडत नाही. कर्करोगाला कारण ठरणारी बरीचशी द्रव्यं तंबाखूत मुळातच असतात किंवा कुठलंही पान जाळलं की तयार होतात. त्यासाठी कारखान्याची गरज नसते. २०१५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीन सिगारेट कंपन्यांना इशारापत्रं धाडली ती याच मुद्द्यावर: पाकिटावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘काहीही न मिसळलेली’ असं छापून ग्राहकाला धोका कमी असल्याचं भासवता येणार नाही.

गैरसमज ४ : दिवसाला चार-पाचच ओढतो, त्याने काय होतंय?

वर सांगितलेल्या देशव्यापी अभ्यासात दिवसाला एक ते सात विड्या ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोकाही सुमारे पाव पटीने वाढलेला होता. ‘इथपर्यंत चालतं’ अशी रेघ कुठेच सापडली नाही.

शिवाय आपल्याकडे धुराचा संबंध फक्त कर्करोगाशी जोडला जातो. ‘आमच्या आज्याला कुठे कॅन्सर झाला?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. पण विडीचे बळी हृदयविकाराने, दम्यासारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराने आणि क्षयाने जास्त जातात. तमिळनाडूत झालेल्या आणि २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने होणारे मृत्यू न करणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होते. क्षयाची गोळी एका हातात आणि विडी दुसऱ्या हातात, हे दृश्य आपल्या दवाखान्यांच्या बाहेर नवीन नाही.

गैरसमज ५ : सकाळी विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.

हे सांगणारा खोटं बोलत नसतो. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल खरोखर वाढते. मात्र वर्षानुवर्षं रोज तोच धक्का मिळाला की आतड्यांना त्याची सवय लागते, आणि विडी सोडल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, बद्धकोष्ठ होतं. ‘बघा, सोडली तर त्रास झाला’ म्हणून माणूस पुन्हा पेटवतो. हा त्रास व्यसन सुटत असल्याचं लक्षण आहे आणि तो तात्पुरता असतो. कोमट पाणी, भाजी-फळं, थोडं चालणं आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेलं रेचक, एवढ्यावर निभावतं.

गैरसमज ६ : कायदा सिगारेटसाठी आहे, विडीला सूट आहे.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८पासून देशभर असलेली बंदी विडीलाही लागू आहे. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विक्री नाही, बंडलावर सचित्र इशारा हवा, हे नियमही तेच. महाराष्ट्राने तर सप्टेंबर २०२०मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावरही बंदी घातली, कारण सुटी विकली की पैसेही कमी लागतात आणि बंडलावरचा इशाराही नजरेला पडत नाही.

गैरसमज ७ : विडी महाग केली तर विडी कामगार बायका उपाशी मरतील.

हा सर्वांत वजनदार युक्तिवाद, आणि त्यातली माणसं खरी आहेत. तेंदूची पानं एप्रिल-मेच्या उन्हात विदर्भाच्या जंगलात तोडली जातात, तंबाखू निपाणी आणि गुजरातच्या चरोतर भागातून येते, आणि विड्या वळल्या जातात सोलापूर, सिन्नर, संगमनेरच्या घराघरांत. देशात विडी कामगारांची संख्या सरकारी अंदाजानुसार पन्नास लाखांच्या आसपास आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत.

काम कसं चालतं ते पाहा. मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेलं पान, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने मापात कापायचं. त्यात तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, टोक दुमडून बंद करायचं, दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. दिवसाला हजाराच्या घरात विड्या व्हायला सकाळपासून मान वर करता येत नाही, आणि माल देताना खराब ठरवलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. तंबाखूची धूळ श्वासातून आणि बोटांच्या कातडीतून अंगात जाते ती वेगळीच. ओढायची एकही नाही, तरी खोकला आहेच.

तर प्रश्न असा, की विडी स्वस्त ठेवल्याने या बाईच्या पदरात काय पडतं? विडी कामगार कल्याण उपकर हा तिच्यासाठी असलेला निधीचा झरा २०१७मध्ये जीएसटी येताना बंद झाला. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. इतर तंबाखूजन्य पदार्थ ४० टक्क्यांच्या गटात. आता हे आकडे शेजारी ठेवा: विडीमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा देशाला बसणारा फटका २०१७ सालासाठी सुमारे ८०,५०० कोटी रुपये काढला गेला होता, तर २०१६-१७मध्ये विडीवरून मिळालेला कर होता जेमतेम सवाचारशे कोटी.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हक्काची घरं मिळाली ती कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. दहा हजार घरांची ही योजना २००६मध्ये पूर्ण झाली, आणि ती विडीवरच्या करसवलतीतून उभी राहिली नाही. ती संघटना, मोर्चे आणि वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यातून उभी राहिली. विडी कामगाराला दुसरं काम, दुसरं कौशल्य, पेन्शन आणि दवाखाना हवा, ही मागणी रास्त आहे. तिच्या नावावर विडी स्वस्त ठेवा, ही मागणी तिची नाही. ती विडी विकणाऱ्याची आहे.

गैरसमज ८ : आता या वयात सोडून काय उपयोग?

ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासाचं उत्तर स्पष्ट आहे. तिशीत सोडणाऱ्याला सरासरी दहा वर्षांचं आयुष्य परत मिळालं, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन. ते लोक सिगारेट ओढणारे होते, पण थांबल्यावर फुप्फुस आणि हृदय सावरतात ते विडीवाल्याचेही.

सोडताना तलफ येते ती बहुधा पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढला की ओसरते. एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे आणि सरकारी दंतवैद्यापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत समुपदेशनाची सोय मिळू शकते. आणि घरच्यांनी एवढंच करावं: सिगारेटवाल्याला जेवढं टोकतो तेवढंच विडीवाल्यालाही टोकावं. राबणाऱ्या माणसाला विश्रांतीची दोन मिनिटं द्यायला विडीचं निमित्त लागू नये.