मोटार उद्या मिळेल का?

उद्योजक भवरलाल जैन यांनी 1963मध्ये घरच्या 7,000 रुपयांच्या पुंजीवर जळगावात हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. कमी भांडवलाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला तिच्यातले गिऱ्हाइकाच्या दारी जाणे अधिक मोलाचे वाटते. मोटार दुरुस्तीच्या धंद्यातही गिऱ्हाइकाची नड ओळखणेच महत्त्वाचे. रावेर-यावलच्या केळीबागेत मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना पाणबुडी मोटार जळाली, की ठिबक बंद पडते आणि बाग करपू लागते. त्या वेळी शेतकरी दराची घासाघीस करत बसत नाही; मोटार उद्या मिळेल का, एवढेच विचारतो. म्हणून जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देणाऱ्या, म्हणजे रिवायंडिंगच्या दुकानात तांब्याची तार शिल्लक हवी आणि दिलेला शब्द पाळणारा कारागीर हवा.

तार महाग, बँक दारात उभे करत नाही, असे कुणी म्हणेल. पण 2015पासून मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळते. खरी अडचण उधारीची आहे. केळीचे पैसे हाती येईपर्यंत गिऱ्हाईक थांबायला सांगते, धुळ्याकडे कापूस विकला जाईपर्यंत. उधारी साफ बंद केली तर गावात दुकान चालणार नाही. तारेचे पैसे रोख आणि मजुरी हंगामावर, अशी वाटणी मात्र करता येते. तार दुकानदारालाही विकतच घ्यावी लागते, हे शेतकऱ्याला पटते.