अंथरूण ओलें करणाऱ्या मुलांचीं औषधें

शार्ङ्गधरसंहितेंत बालरोगांच्या गणनेंत ‘शय्यामूत्र’ हा शब्द आला आहे. म्हणजे हें दुखणें आजकालचें नव्हे. पांच वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें १५ मुलें रात्रीं अंथरूण ओलें करितात, आणि त्यांतलीं शेंकडा सुमारें १५ दर वर्षीं औषधावांचून आपोआप सुधारतात. तरी पण लग्नकार्य निघालें, किंवा मूल सहलीस जावयाचें असलें, म्हणजे घरांत गोळीची गोष्ट निघतेच.

अशा वेळीं बहुधा डेस्मोप्रेसिन देतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून मूत्र कमी करणारा जो रस स्रवतो, त्याची ही कृत्रिम प्रतिकृति. तिच्या योगानें मूत्रपिंडें पाणी राखून ठेवितात. त्यावर मूल पाणी पीतच राहिलें तर रक्तांतील सोडियमचें प्रमाण उतरतें व मेंदूस सूज येते. आधीं डोकेदुखी, मळमळ, ओकाऱ्या; मग गुंगी आणि आंचके. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ४ डिसेंबर २००७ रोजीं अशा आंचक्यांच्या ६१ नोंदींची छाननी जाहीर केली. त्यांतील दोघे दगावले होते. ते औषधामुळेंच गेले असें मात्र निश्चित ठरलें नाहीं. नाकांत फवारण्याचें डेस्मोप्रेसिन ह्या विकारावर देऊं नये, असें तेव्हांच ठरलें. गोळी राहिली, पण अटीवर: घेण्यापूर्वीं एक तास व नंतर आठ तास पेयें अगदीं बेताचीं; आणि ताप, ओकाऱ्या, जुलाब असतां गोळी बंद.

आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. एकत्र कुटुंबांत गोळी एक देतो आणि पाणी दुसराच. सूनबाई नऊ वाजतां गोळी देते, आजी प्रेमानें दुधाचा पेला पुढें करिते, रात्रीं मूल कण्हलें तर काकू तांब्या घेऊन उठते. जुलाबांत मीठसाखरेचें पाणी पाजणें तर योग्यच. चूक त्या दिवशीं गोळी चालू ठेवण्यांत. म्हणून डॉक्टरांनीं ही अट एकट्या आईस सांगून भागत नाहीं. पाण्याच्या माठाशीं ज्याचा ज्याचा संबंध येतो, त्या सर्वांस ती ठाऊक पाहिजे, मुलासही.

इमिप्रामीनचें भय निराळें. विषादावरील हें औषध १९६० पासून शय्यामूत्रावरही वापरांत आलें. मात्रा अधिक झाली तर हृदयाची गति बिघडते, आंचके येतात, प्रसंगीं प्राणही जातो. येथें धोका ज्याच्यासाठीं गोळ्या आणल्या त्याच्यापेक्षां रांगत्या भावंडास अधिक. गुण लवकर यावा म्हणून कोणी एकीच्या दोन देऊं नयेत, आणि डबी कोनाड्यांत नव्हे, कुलपांत ठेवावी.