खुनी कोण, ते सांगा की!

रहस्यमालिका उत्तर न देताच संपते, तेव्हा प्रेक्षकाला राग का येतो? आणि तो राग कोठे वापरावा?

रात्रीची जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, की घरोघरी टीव्हीपुढे बैठक बसते. दिवसभर कारखान्यात, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरी राबून आलेल्या माणसाला अर्धा तास विरंगुळा हवा असतो. त्यात वावगे काही नाही. त्यातही खुनाचे रहस्य असलेली मालिका असेल तर आजीपासून नातवापर्यंत सगळे एका जागी बसतात. "नवऱ्यानेच मारले असणार", "नाही गं, तो वकील बघ कसा गप्प गप्प असतो", असे तर्क चालतात. दुसऱ्या दिवशी नळावर, लोकलच्या डब्यात, कामाच्या ठिकाणी तीच चर्चा होते.

आणि मग एके दिवशी मालिका संपते. खुनी कोण ते कळतच नाही. किंवा कळते, पण तो सुटून जातो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात की पुढच्या पर्वात भेटू. घरातली माणसे हळहळतात. "एवढे महिने आमचे वाया घालवले की हो!" असे उद्गार निघतात. शिकलीसवरलेली मंडळी यावर हसतात आणि म्हणतात, "अहो, मालिकाच ती. एवढे काय मनावर घ्यायचे?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा राग पोरकट नाही. त्यामागे न्यायाची एक साधी भूक आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या समाजाला या भुकेची ओळख इतरांपेक्षा जास्त आहे.

लेखकाचा शब्द

रहस्यकथा हा वाचक आणि लेखक यांच्यातला एक करारच असतो. मी तुला कोड्यात टाकीन, चकवीन, पण पुरावे तुझ्यापासून लपवणार नाही आणि शेवटी उत्तर देईन, असा लेखकाचा शब्द असतो. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियमच लिहून काढले. गुन्हेगार हा कथेच्या आरंभीच वाचकाला भेटलेला असावा, हा त्यातला पहिला नियम. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथा लेखकांचा एक क्लब निघाला. अगाथा ख्रिस्ती त्याच्या सभासद होत्या. वाचकाशी लबाडी करणार नाही, अशी शपथ तेथे नव्या सभासदाला घ्यावी लागे.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्यावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड एका काळी गिरणगावातल्या चाळींत घरच्यासारखे वावरत. ज्याला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, असा कामगारही वाचनालयातून ही पुस्तके आणून रात्री दिव्याखाली वाचीत असे. पुस्तक संपले की गुंता सुटलेला असे. त्या समाधानाने झोप लागे.

दूरदर्शनवर १९८५ साली 'करमचंद' आली, १९९३ साली 'ब्योमकेश बक्षी' आली. १९९८ साली सुरू झालेली 'सीआयडी' तर वीस वर्षे चालली. या मालिकांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. पण त्यांनी एक गोष्ट पाळली. प्रकरण उघडले की ते मिटवले. दया दार तोडतो आणि गुन्हेगार सापडतो, यावर आपली मुले हसत असतील, पण गुन्हेगार सापडतो हे महत्त्वाचे.

अमेरिकेतील दोन प्रकरणे

हा शब्द मोडला की काय होते, याची दोन मोठी उदाहरणे अमेरिकेत घडली.

पहिले 'ट्विन पीक्स' या मालिकेचे. ८ एप्रिल १९९० रोजी ती सुरू झाली. एका छोट्या गावात लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचे प्रेत नदीकाठी सापडते. तिला कोणी मारले, या एका प्रश्नाने सारा देश वेडा झाला. मे महिन्यात पहिले पर्व संपले, तरी उत्तर नाही. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना उत्तर कधीच द्यायचे नव्हते. रहस्य उघडले की मालिकेचा प्राणच जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. वाहिनीने आग्रह धरला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाला. त्यानंतर प्रेक्षक खरोखरच घटत गेले. १० जून १९९१ रोजी मालिका संपली, तीही नायकाला एका नव्या संकटात अडकवून. त्याचे पुढे काय झाले, हे पाहायला प्रेक्षकांना २०१७ साल उजाडावे लागले. तेव्हा अठरा भाग झाले आणि शेवट पुन्हा कोड्यातच राहिला.

दुसरे 'द किलिंग' या मालिकेचे. मुळात ती डेन्मार्कची. तेथे २००७ साली वीस भागांत एका मुलीच्या खुनाचा तपास दाखवला आणि त्याच वर्षी खुनी कोण तेही सांगितले. अमेरिकेने ती उचलून एप्रिल २०११ मध्ये आपल्याकडे आणली. रोझी लार्सनला कोणी मारले, याच प्रश्नावर तिची सारी जाहिरात झाली होती. तेरा भाग झाले. १९ जून २०११ च्या शेवटच्या भागात आज उत्तर मिळणार म्हणून लोक बसले आणि उत्तर मिळाले नाहीच, उलट नवा गोंधळ घालून मालिका थांबली. प्रेक्षक भडकले, समीक्षकही भडकले. खुनी कोण हे कळले ते पुढच्या वर्षी, १७ जून २०१२ रोजी, एकूण सव्वीस भागांनंतर. पण तोवर बरेच प्रेक्षक उठून गेले होते. त्याच वर्षी वाहिनीने मालिका बंद केल्याचे जाहीर केले. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद झाली आणि २०१४ साली नेटफ्लिक्सवर कायमची संपली.

लिंच यांना उत्तर द्यायचे नव्हते, कारण त्यांना रहस्य प्रिय होते. दुसऱ्या मालिकेने मात्र उत्तराचे आमिष दाखवून गिऱ्हाईक बसवून ठेवले. लोक अधिक चिडले ते या दुसऱ्या गोष्टीवर.

हे का होते?

टीव्हीचा धंदा समजला की हे कोडे सुटते. मालिका पाहण्याचे पैसे आपण थेट देतो ते थोडे. मोठा पैसा जाहिरातीचा असतो, आणि जाहिरातीचा दर किती घरे बघतात यावर ठरतो. उत्तर मिळाले की घर उठून झोपायला जाते. म्हणून उत्तर लांबवायचे. मालिका चालली तर वाढवायची, नाही चालली तर एकाएकी गुंडाळायची. अशा वेळी लेखकालाही शेवट ठाऊक नसतो.

मराठीतही हे घडते. वाई परिसरातील ज्या खऱ्या खूनसत्राला २०१६ साली वाचा फुटली, त्यावर बेतलेली 'देवमाणूस' ही मालिका १५ ऑगस्ट २०२१ रोजी संपली आणि डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे पर्व घेऊन परतली. २०२५ साली आणखी एक पर्व आले. जो खुनी पडद्यावर लोकांना खेचतो, त्याचा हिशेब पुरा करणे वाहिनीला परवडत नाही.

तथागतांचा बाणाचा दृष्टांत

यावर कोणी म्हणेल की भगवान बुद्धांनीही काही प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत, मग मालिकेवर राग कशाला? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे.

मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताची गोष्ट आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे द्या, नाहीतर मी संघ सोडतो, असे हा भिक्खू तथागतांना म्हणाला. तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. वैद्य बाण काढायला आला, पण जखमी म्हणतो, थांबा. आधी मला सांगा, बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? त्याचे नाव काय, गोत्र काय? तो उंच की ठेंगणा? धनुष्य कसले होते? ही उत्तरे मिळेपर्यंत तो माणूस मरून जाईल.

वरवर पाहता, मारेकरी कोण ते विचारू नका, असे बुद्ध सांगतात असे वाटेल. पण तसे नाही. आधी बाण काढा, जीव वाचवा, असे ते सांगतात. ज्या प्रश्नाच्या उत्तराने दुःख कमी होत नाही, तो प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. परंतु दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण शोधता येते आणि दूर करता येते, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले. कारणाशिवाय काही घडत नाही, हा तर प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा. खून कोणी केला, का केला, हा प्रश्न जगाच्या अंताचा नव्हे. तो दुःखाच्या कारणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मागणे हे धम्माला धरूनच आहे.

प्रामाणिक अपूर्ण शेवट

तरीही प्रत्येक अपूर्ण शेवट लबाड नसतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. २०१४ सालच्या या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका आपल्या चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. ते २०२१ साली आपल्यातून गेले. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरण पावतो आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा खटला उभा राहतो. चित्रपट संपतो तेव्हा निकाल लागलेला नसतो. न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते आणि न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात.

तेथेही आपण अस्वस्थ होऊन उठतो. पण फसवले गेलो असे वाटत नाही. कारण निकाल न लागणे हीच तर त्या कथेतली खरी गोष्ट आहे. उत्तर का मिळत नाही, ते चित्रपट आपल्याला दाखवतो. लबाड मालिका उत्तर लपवते आणि लपवण्याचे कारणही लपवते. दोहोंत फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

आपल्या दारातले खटले

पडद्यावरचे रहस्य अर्धवट राहिले तर झोप जाते. मग दारातले?

१ डिसेंबर १९९७ रोजी बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. खालच्या न्यायालयाने २०१० साली २६ जणांना शिक्षा दिली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना सोडले. एप्रिल २०१४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका कोवळ्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष ठरले आणि मागचे सूत्रधार तपासात उघड झाले नाहीत, ही गोष्ट न्यायालयानेही नोंदवली.

या खटल्यांचे पुढचे पर्व आपोआप येत नाही. ते आणावे लागते. त्यासाठी कायद्याने काही हत्यारे आपल्या हाती दिली आहेत आणि ती प्रत्येक घरात ठाऊक असावीत. फिर्याद दिली की तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कोठवर आला, हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवले पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार संरक्षण मागता येते, प्रवासखर्च मागता येतो, जामिनाच्या अर्जाची सूचना मिळते आणि म्हणणे मांडता येते. आरोपी सुटला तर पीडित कुटुंबालाही वर अपील करण्याचा हक्क आहे.

साक्षीदार फुटतो तो बहुधा एकटा पडल्यामुळे. तारखेला त्याच्याबरोबर वस्तीतली दहा माणसे गेली, तर त्याचा पाय डगमगत नाही. महिला मंडळाने आणि विहार समितीने हे काम वाटून घ्यावे. कोणता खटला कोठे आहे, पुढची तारीख कोणती, सरकारी वकील कोण, एवढे एका वहीत लिहून ती वही विहारात ठेवली, तरी पुष्कळ झाले.

मालिका जरूर पाहा. मुलांना विचारा, "तुला हाच खुनी का वाटतो? पुरावा काय?" ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, हा कालामांना केलेला उपदेश या खेळातूनही मुलांच्या अंगी मुरेल. आणि शेवट न सांगताच मालिका संपली, तर चिडायला हरकत नाही. फक्त टीव्ही बंद केल्यावर तो राग विझू देऊ नका. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत आणि न्यायालयात विचारता आला पाहिजे. तेथे "पुढच्या पर्वात सांगू" हे उत्तर आपण चालवून घेता कामा नये.

जय भीम!