समुद्रावरील बिनतारी संवाद

मुलांनो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासेमारीच्या नौका खोल समुद्रात जातात. तांडेलाला जाळ्याइतकीच आणखी एका वस्तूची गरज असते. ती म्हणजे बिनतारी संच. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाने कोकणकिनाऱ्याला तडाखा दिला. अशा वेळी किनाऱ्यावरचा इशारा नौकेला आणि नौकेची हाक किनाऱ्याला ऐकू जाणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. मग ही हाक कधी स्पष्ट ऐकू येते आणि कधी मध्येच का विरून जाते?

या संचांच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे या लहरी आपल्या नजरेच्या क्षितिजाहून थोड्याच पुढे पोचतात. समुद्रापासून ९ मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन नौका सुमारे २५ किलोमीटर अंतरावरून परस्परांशी बोलू शकतात. त्यांपैकी एकीच्या जागी १०० मीटर उंच टेकडीवरील केंद्र असेल, तर हेच अंतर ५० किलोमीटरांहून अधिक होते. संचाची शक्ती वाढवल्याने क्षितिज दूर सरकत नाही. त्यासाठी उंचीच हवी. मध्ये डोंगर आडवा आला, तर जवळची हाकही अडते.

हजारो किलोमीटरांवर बोलण्यासाठी लघुलहरी वापरतात. आकाशात उंचावर, सूर्यकिरणांमुळे विद्युत्‌भारित झालेला हवेचा विरळ पट्टा आहे. त्याला आयनांबर म्हणतात. लघुलहरी तेथून वळून पुन्हा पृथ्वीवर उतरतात. १९२७ मध्ये पुणे जिल्ह्यातील खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली, ती अशाच लघुलहरींच्या बळावर. खडकीहून संदेश जात आणि दौंडला येत. दोन केंद्रांत असे अंतर असले, म्हणजे आपल्याच प्रक्षेपणाच्या गलबल्यात दुरून आलेला क्षीण संदेश बुडून जात नाही.

परंतु आयनांबर सूर्याच्या अधीन असते. दिवसा दूरवर पोचणारी लहर रात्री निरुपयोगी ठरू शकते. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर लघुलहरींवरील संवाद काही काळ खुंटतो. आकाशात विजा चमकू लागल्या, की शब्दांत खरखर मिसळते.

ही झाली निसर्गाची बंधने. काही दोष मात्र आपल्या हातचे असतात. खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजतात, बॅटरी क्षीण होते. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी संच तपासावा लागतो. शिवाय या संचाची कळ दाबून बोलत असताना समोरचे काहीच ऐकू येत नाही. दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर शब्दांचा गोंधळ होतो. सोळावी वाहिनी जगभर संकटाच्या हाकेसाठी व पहिल्या संपर्कासाठी ठरलेली आहे. तीवर कोणी उगाच गप्पा मारीत बसला, तर बुडत्या नौकेची हाक त्या गप्पांखाली दबून जाईल. म्हणून जाणता तांडेल आधी कान देतो, मग थोडक्यात व सावकाश बोलतो आणि लगेच कळ सोडून उत्तराची वाट पाहतो.